रस्त्यावरची हळद आणि माझी परवानगी

उभा जन्म शाळेत गेल्यामुळं शिक्का मारलेल्या कागदापुढं माझी मान आपोआप झुकते. गावात मला गुरुजी म्हणतात, आणि कोणाचंही सरकारी काम निघालं की मी न बोलावता पुढं होतो.

आमच्या शिवारातून वसमतकडं जाणारा सिमेंटचा रस्ता नुकताच तयार झाला होता. एका कंपनीनं तो बांधला, आणि पुढची काही वर्षं तिनंच सांभाळायचा, असा सरकारशी करार. वाहनं अजून सोडली नव्हती. दोन्ही टोकांना आडवे बांबू आणि मधे ते गुळगुळीत, तापलेलं अंगण! शिजवलेली हळद वाळवायला आणखी काय पाहिजे?

हळद बायकोची. विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांत तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर केलेली. मला काम दिलं होतं ते बांधावर उभं राहायचं. "वसमतला मीच नेणार," ती म्हणायची. "व्यापाऱ्यानं माझ्यासमोर हळकुंड मोडून पाहावं." नीट वाळलेलं हळकुंड टक्कन मोडतं, कच्चं राहिलं तर नुसतं वाकतं, आणि मग बाजारभर शोभा.

मी रस्त्याच्या सरकारी कचेरीत अर्ज दिला. कारकुनानं माझ्या प्रतीवर धप्पकन शिक्का मारला. मी ती प्रत घडीसुद्धा न घालता गावात आणली. कंपनीच्या वॉचमननं शिक्का पाहून बांबू वर केला. हळद पसरली.

दहाव्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर जीपमधून उतरला.

"ये क्या है? कल सुबह साहब लोग आ रहे हैं, रोड खुलेगा!"

मी ऐटीत कागद पुढं केला. त्यानं दोनदा वाचला.

"गुरुजी, ये तो अर्जी मिलने का शिक्का है. इजाजत किधर है? और रोड हमारे पास है, अर्जी उधर काहे को दी?"

शिक्क्यावर 'आवक' लिहिलेलं होतं. शाळेत हाच शिक्का मी स्वतः हजार वेळा मारलेला.

बायको हळद पालथायचं दाताळं टेकून उभी होती. "अजून दोन उन्हं पाहिजेत," ती एवढंच म्हणाली. तिचा चेहरा पाहून मी घाईघाईनं तोडगा काढला, "साहेब, तुमचं रस्ता झाडायचं मशीन फिरवलं तर..."

"भुगा करता काय हळकुंडाचा?" बायको कडाडली. "तुमी आता बोलूच नका!"

इंजिनिअर हसला तो तिथं. कंपनीच्या आवारात सिमेंटचे पाईप ओतायचा मोठा ओटा रिकामा पडला होता. "काकी, दो दिन वहाँ सुखा लो," तो म्हणाला. मग कंपनीचे मजूर आणि आमच्या गल्लीतल्या बाया यांची एक रांग लागली. घमेली हातोहात सरकू लागली, बायांनी लग्नातली हळदीची गाणी धरली, आणि दिवस मावळायच्या आत शेवटचं हळकुंड हललं. मला कोणी घमेलं दिलं नाही.

रस्त्यावर पिवळा पट्टा तेवढा राहिला. टँकरनं पाणी मारलं, तर नव्या सिमेंटमधल्या चुन्यानं तो जागोजाग लाल झाला. इंजिनिअरनं कपाळाला हात लावला.

"काहून घाबरता, बाबा?" बायको म्हणाली. "उद्या कार्य हाय न रस्त्याचं? आज हळदी-कुंकू झालं म्हणा."

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना हेच सांगितलं. साहेबांनी त्या पट्ट्यावर उभं राहून फोटो काढून घेतला.

दोन उन्हांनंतर आमचा टेम्पो त्याच रस्त्यानं निघाला. ती पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं पोत्यांवर. वसमतला व्यापाऱ्यानं नमुना मागितला. तिनं माझ्या खिशातला तो कागद ओढून टेबलावर अंथरला आणि त्यावर हळकुंडं ठेवली. त्यानं एक उचललं.

टक्क.

दुसरं उचललं. टक्क.

"बराबर वाळली, ताई. कुठं वाळवली?"

"रस्त्यावर. ह्यांनी परवानगी आणली होती," ती गंभीरपणे म्हणाली, आणि मोडलेले तुकडे त्याच कागदात बांधून तिनं पुडी माझ्या खिशात सरकवली.

त्या सदऱ्याच्या खिशाला अजून पिवळा डाग आहे. मी तो फारसा घासलेला नाही.