नैवेद्याचं पातेलं

वाशीमहून पुण्यात येऊन कारखान्यात हाडं झिजवलेले वैजनाथ आणि त्यांच्या समोरच्या दारातले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले रामदास, रोज संध्याकाळी वारज्यातल्या सोसायटीच्या बाकावर बसून एका राजावरून भांडत. वैजनाथांचा शिबीराजा पुराणातला. शरण आलेल्या कबुतरासाठी मांडीचं मांस तराजूत घालणारा. रामदासांचा शिबीराजा जातककथेतला; आंधळ्या याचकाला स्वतःचे डोळे काढून देणारा. "तुमचा मांडीवर भागवतो हो," रामदास चिडवत. शेवटी दोघांचं एकमत होई की राजा एकच, आणि तसा माणूस आपल्या कमिटीवर तरी नाही.

हे सगळं खरं. पण रामदास बौद्ध, आणि त्यांच्या घरचा चहा वैजनाथांनी अकरा वर्षांत घेतला नव्हता. "आत्ताच झाला," म्हणायचं आणि सटकायचं. आईने लावलेली सवय, असं ते स्वतःला समजावत. सवय कसली, घाण होती ती, आणि त्यांनी ती नीट जपली होती.

मंगळवारी रामदास गेले. स्मशानातून परतून, अंघोळ करून वैजनाथ सुनेला म्हणाले, "पूर्णिमा, समोर जयावहिनींकडे आज गॅस पेटायचा नाही. पिठलं-भात दे करून."

पूर्णिमाने केलं, नाही असं नाही. पण भरलं ते हॉटेलातून आलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत.

"घरातली भांडी काय झाली?"

"अहो बाबा, ती परत येतील ना. मग ठेवायची कुठे?"

वैजनाथांना शिसारी आली. सुनेच्या त्या गोड, समजूतदार आवाजाची आली, आणि हे तिला आपणच शिकवलं म्हणून स्वतःची त्याहून जास्त. आत्ता ज्याला खांदा दिला, त्याच्या बायकोला फेकून द्यायच्या डब्यात जेवण! त्यांनी फडताळातून नैवेद्याची खीर करायचं पातेलं काढलं आणि पिठलं त्यात ओतलं; भात घरच्या डब्यात काढला.

"बाबा, ते देवाचं आहे!"

"देवाला सांग, मी नेलंय."

जयाबाईंनी पातेलं घेतलं, दोन ताटं मांडली. "बसा भाऊजी. तुम्हीही सकाळपासून उपाशी आहात."

वैजनाथ बसले. त्या घरात ते पहिल्यांदाच जेवायला बसले होते, आणि बोलावणारा गेला होता.

"हे रोज तुमच्यासाठी कपभर चहा जास्त टाकायला लावायचे," जयाबाई म्हणाल्या. "मी रोज मोरीत ओतायचे. मग टाकणंच सोडलं. यांना कळू दिलं नाही."

वैजनाथांना स्वतःच्या तोंडाचीच किळस आली. त्यांनी हात जोडले. "चुकलं, वहिनी. आता रोज येत जाईन."

जयाबाई भात कालवत राहिल्या.

"आज पोटभर जेवा," त्या म्हणाल्या. "रोज नका येऊ. रोज माफ करायला मला जमायचं नाही."