काटासाहेबांचे ठिपके

काटासाहेबांना कुणी फसवल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नाही. पण कुणीतरी आपल्याला फसवतंय असं त्यांना वाटलं नाही, असा दिवसही कुणी पाहिलेला नाही. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्याच्या सरकारी नोकरीत काढली. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेली वजनं, मापाच्या बुडाशी थापलेलं मेण, हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी उकरून काढलेलं. लोकांनी त्यांचं नाव काटासाहेब ठेवलं. तोंडावर मात्र नुसतं साहेब म्हणत. नोकरी संपली, तराजू सुटले, नजर काही सुटली नाही.

घरात साखरेच्या डब्याला पेन्सिलीची रेघ असे. छत्रीच्या मुठीला चरा असे. जिथे पेन्सिल चालत नाही, तिथे बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका, आणि तोही अशा आडजागी की दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडू नये. गाडी गॅरेजात द्यायच्या आधी ते बॉनेट उघडून बॅटरीच्या बुडाशी, बोल्टांच्या आडोशाला ठिपके देत, आणि गाडी परत आली की टॉर्च घेऊन एकेक तपासत. एकही ठिपका कधी हललेला सापडला नाही. दुसऱ्या कुणी यावरून मेकॅनिक प्रामाणिक आहे असं म्हटलं असतं. काटासाहेब म्हणाले, माणूस पोचलेला आहे.

तर अशा माणसाची जुनी गाडी नेमकी नको त्या आठवड्यात धक्के द्यायला लागली. बायकोची मोठी बहीण घर कायमचं मोडून समुद्रापलीकडे मुलाकडे राहायला निघाली होती. रविवारी संध्याकाळी ती जाणार. दोघींचं वय बघता ही शेवटचीच भेट, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. बहिणीचं घर आडबाजूला, रविवारी तिकडे बसही नसे.

"मला ताईला भेटायचंय," बायको म्हणाली. "बाकी मी तुमच्याकडे काही मागत नाही."

काटासाहेब गाडी घेऊन गॅरेजात गेले. मेकॅनिकनं इंजिनच्या कडेचं काळं झाकण काढलं, आतला दांडा दोन बोटांत धरून हलवला.

"साहेब, डिस्ट्रिब्युटर गेलाय. हाच प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटतो. दांडा झिजलाय, त्यामुळे ठिणगी वेळेवर जात नाही. नवा टाकावा लागेल."

"नुसतं झाकण बदलून भागणार नाही?"

"चार दिवस भागेल. मग रस्त्यात उभी राहील."

"मजुरी काय?"

"द्या काय द्यायचं ते. आपले काय आजचे संबंध आहेत का?"

इथे काटासाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. नोकरीत असताना जो दुकानदार न विचारता बसायला खुर्ची पुढे करायचा, त्याच्याच तराजूत हटकून खोट निघायची. ते बॉनेट धाडकन बंद करून तसेच धक्के खात घरी आले.

"मीच बसवणार," त्यांनी जाहीर केलं.

"अहो, त्याला करू द्या ना. रविवार तोंडावर आलाय."

"दांडा हलतो, असं तो म्हणतो. किती हलला म्हणजे जास्त, तेही तोच ठरवणार. मग बिलही तोच करणार. म्हणजे वजनही त्याचं आणि काटाही त्याचाच!"

पार्टच्या दुकानदारानं मेकॅनिकचंच म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा दोघं सामील आहेत याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. ते दुसऱ्या दुकानात गेले. तिथेही तेच ऐकून त्यांनी नवा डिस्ट्रिब्युटर कुरकुरत घेतला आणि घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बायकोनं पीठ मळायला घेतलं.

रविवारी सकाळी ते अंगणात कामाला लागले. काम तसं डोंगराएवढं नव्हतं. डिस्ट्रिब्युटरचा दांडा खाचेत एकाच तऱ्हेनं बसतो, तिथे चुकायला जागाच नाही. बाहेरचं भांडं मात्र गोल फिरतं, आणि ते जसं फिरवून आवळाल तशी ठिणगीची वेळ ठरते. म्हणून जुनं काढण्याआधी भांड्याचा कान इंजिनवर जिथे येतो तिथे खूण करायची, आणि नव्याचा कान त्याच खुणेवर आणून बोल्ट आवळायचा. खूण करायची म्हटल्यावर काटासाहेबांना काय शिकवायला हवं? बायकोच्या टेबलावरची बाटली उचलून त्यांनी झोकात एक ठिपका दिला आणि बाटली खिशात टाकली.

वायरी सोडवल्या, बोल्ट काढला, जुना डिस्ट्रिब्युटर बाहेर आला. त्यांनी त्याचा दांडा हलवून पाहिला. किडक्या दातासारखा लटलटत होता. मग नव्याचा हलवला. तो जागचा तसूभर हलला नाही. मेकॅनिक खरं बोलला होता, आणि हे काटासाहेबांना मुळीच आवडलं नाही. जुना पार्ट रद्दीच्या कागदात गुंडाळून त्यांनी डिकीत पार कोपऱ्यात ढकलला, म्हणजे नजरेसमोर नको.

मग रॉकेलच्या फडक्यानं त्यांनी ती जागा पुसून काढली, ठिपक्यावर कान आणून नवा डिस्ट्रिब्युटर आवळला, वायरी जिथल्या तिथे लावल्या आणि मोठ्या रुबाबात किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धडाम असा आवाज झाला आणि सगळं गप्प. पुन्हा किल्ली, पुन्हा धडाम. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावलं. काटासाहेबांनी त्याच्याकडेही संशयानं पाहिलं.

ऊन चढत गेलं. वायरी पुन्हा तपासल्या, झाकण पुन्हा बसवलं. प्रत्येक वेळी धडाम. आज गॅरेज बंद होतं, आणि उघडं असतं तरी तिकडे त्यांचे पाय वळले नसते.

बायको बाहेर आली. बाहेर जायचे कपडे, हातात पिशवी, तिच्यात ताईसाठी विणलेली शाल. ती पायरीवर उभी राहिली. काटासाहेबांनी तिचे भरून आलेले डोळे पाहिले. आपल्यामुळे हिची भेट हुकणार, हे त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा खरं वाटलं.

"माझं काही चुकलेलं नाही," ते उगाचच जोरात म्हणाले. "कान बरोबर ठिपक्यावर आहे. एक तर दुकानदारानं पार्ट खोटा दिला, नाहीतर त्या मेकॅनिकनं आधीच काहीतरी मेख मारून ठेवलीय."

बायको खाली आली, वाकली. "हा ठिपका?"

"हाच. सकाळी दिला."

"कुठल्या बाटलीतला?"

"तुझ्या टेबलावरच्या."

"ती गुलाबी आहे. हा लाल आहे."

"तेलानं रंग बदलतो."

"गुलाबीचा लाल होत नाही हो. आणि लाल बाटली आता घरात आहे कुठे? कपांखाली ठिपके देऊन तुम्हीच संपवलीत ना ती?"

काटासाहेबांनी हातातला पाना खाली ठेवला. निळ्या फुलांचे सहा कप होते. बरीच वर्षं झाली त्याला. घरातल्या वस्तू बायकोच्या माहेरी जातात असा त्यांना तेव्हा वहीम होता, म्हणून प्रत्येक कपाच्या बुडाला त्यांनी गुपचूप लाल ठिपका दिला होता. पुढे एक कप नाहीसाही झाला. त्यांनी विचारलं नव्हतं, कारण विचारलं की चोर सावध होतो.

"तुला कसं कळलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज कप घासतं कोण?"

तिनं पिशवीतल्या रुमालानं इंजिनवर रॉकेलच्या फडक्यानं पसरलेला काळा ओघळ पुसला. त्याखालून गुलाबी ठिपका निघाला, चांगला वीतभर नाही तरी बोटभर पलीकडे. लाल ठिपका कधीकाळी मेकॅनिकला पकडण्यासाठी ठेवलेला होता. इतकी वर्षं काजळीखाली दबा धरून बसलेला तो ठिपका आज रॉकेलनं पुसताना वर आला, आणि त्यात सापडले खुद्द काटासाहेब.

त्यांनी बोल्ट सैल करून कान गुलाबी ठिपक्यावर आणला. "बस आत," ते म्हणाले. "किल्ली तू फिरव." आजवर त्यांनी त्या किल्लीला कुणाला हात लावू दिला नव्हता. तिनं फिरवली. इंजिन एकदा शिंकलं आणि चालू झालं.

वाटेत सहावा कप कुठे गेला, हा प्रश्न काटासाहेबांच्या ओठांवर चार वेळा आला आणि चारही वेळा त्यांनी तो गिळला.

ताईंच्या घरात भिंती उघड्या पडल्या होत्या आणि खोकी दोरीनं बांधून ठेवली होती. दोघी बहिणी एका बाकावर बसल्या, हातात हात घेऊन, आणि बराच वेळ नुसत्याच रडल्या. मग ताई डोळे पुसत उठल्या.

"भांडी सगळी वाटून टाकली. हा एवढाच कप उरलाय, तो मी हातातच नेणार आहे. तुम्ही घ्या चहा त्यात," असं म्हणत त्यांनी काटासाहेबांपुढे कप ठेवला.

कपावर निळी फुलं होती. काटासाहेबांनी चहा संपवला आणि सवयीनं कप उलटा केला. बुडाला लाल ठिपका. म्हणजे त्यांचा वहीम खरा होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिनं नजर खाली केली नाही. खोटं वजन हाती लागल्यावर जो आनंद व्हायचा, त्याची ते वाट बघत बसले. तो काही आला नाही. आली ती लाज.

"मी धुतो," म्हणत ते कप घेऊन आत गेले आणि नळाखाली धरून नखानं ठिपका खरवडायला लागले. बायको मागोमाग आली. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नका तो."

"पुसू दे. मला बघवत नाही."

"ताईला वाटतं तो मी दिलाय. आपला कप ओळखू यावा म्हणून. चहा ओतायच्या आधी ती रोज तो उलटा करून बघते."

काटासाहेबांनी नख मागे घेतलं. नळ वाहत होता. कडेचा एक टवका उडाला होता, बाकी ठिपका जागच्या जागी होता. त्यांनी कप कोरडा केला, बाहेर नेला आणि दोन्ही हातांनी ताईंच्या हातात दिला. ताईंनी तो उलटा करून पाहिला, धाकट्या बहिणीकडे बघून हसल्या आणि नव्या शालीत गुंडाळून पिशवीत ठेवला.