शांत हंगामाची दोन पत्रकं

कोरा रकाना बघून तुम्ही कधी लोकांना धीर दिलाय? मी दिलाय, तोही छापून.

२००६ साली मी ह्यूस्टनमध्ये शिकत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरिकेन वादळांचा एक हंगाम कमालीचा शांत गेला होता. तेव्हाच्या जहाजांच्या नोंदवह्या वाचून वाऱ्याचा वेग कॉम्प्युटरमध्ये भरायचा, हे माझं काम. बरेच रकाने कोरे होते. माझे वडील तालुका कचेरीत कारकून आणि कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहिणारे. रकाना कोरा सोडायचा नाही, 'निरंक' लिहायचं, हे मी बाराखडीबरोबरच शिकले. मी बिनदिक्कत शून्य भरत गेले.

मी ज्यांच्याकडे राहायचे ते काका-काकू आदल्या वर्षी हरिकेनच्या भीतीनं शहर सोडताना दिवसभर हायवेवर अडकले होते. यंदा हंगाम शांत चालला होता, तरी टीव्हीवर पुन्हा आरडाओरडा, दुकानात खिडक्यांवर ठोकायच्या प्लायवूडसाठी रांगा. माझं डोकंच फिरलं. 'असं शांत वर्ष पूर्वीही होतं! भीती विकणाऱ्यांना भुलू नका, खिडक्या ठोकू नका!' असं पत्रक लिहून मी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वाटलं.

काका खूश. खिडक्यांवर लावायच्या फळ्यांचं त्यांनी टेबल-टेनिसचं टेबल करायला घेतलं.

"अहो, हंगाम संपू दे तरी," काकू म्हणाल्या.

"अगं, आपली सायंटिस्ट सांगतेय यार!"

सोमवारी माझ्या गाइडबाईंनी तक्ता पाहिला. "हे शून्य म्हणजे वारा नव्हता, की जहाजच नव्हतं?"

मी नोंदवही पुन्हा उघडली. रकाना कोराच होता.

"वादळाची चाहूल लागली की कप्तान दूर निघून जातो. मग तिथलं लिहिणार कोण?"

मी धावत घरी आले. गॅरेजमध्ये करवत सुरू होती. दोन फळ्या कापून झाल्या होत्या.

"काका, थांबा! माझं चुकलंय."

"चुकलंय? छापलंयस ना तू?"

"छापलं की खरं झालं का?" काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या. "टीव्हीवाल्यांना हेच सुनावत होतीस ना गं?"

त्याच आठवड्यात मी दुसरं पत्रक काढलं, 'माझी चूक', आणि दारोदार जाऊन दिलं. काकांबरोबर दोन नव्या फळ्याही कापल्या.

त्या वर्षी आमच्याकडे हरिकेन आलंच नाही. काका अजून चिडवतात, "तुझं पहिलंच पत्रक बरोबर होतं!" चुकण्यापेक्षा हे असं बरोबर ठरणं मला जास्त झोंबतं.

म्हणून विनंती: तुमच्या फ्रिजवर माझं पहिलं पत्रक अजून असेल, तर आजच फाडून टाका. आणि हंगाम कितीही शांत दिसो, खिडक्यांच्या फळ्यांना करवत लावू नका.