चिंगीला चिंगी का म्हणतात

लिही, पण मधेमधे थांबवू नकोस हं, माझा धागा तुटतो. तुझ्या क्लासात ते मांडीवर घेऊन वाजवतात ना, चार तारांचं, पपईएवढ्या पोटाचं? ते वाद्य मुळात माझ्या नणंदेनं केलंय! तुझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीनं. घरात सगळे तिला चिंगी म्हणायचे, मी आपली वन्सं म्हणायची.

मामंजींचा वाद्यांचा कारखाना म्हणजे दोन खोल्या नि नाकातोंडात भुसा. तिथं एक रीत होती. ज्याचं काम, त्यानं वाद्याच्या पोटात पेन्सिलीनं आपलं नाव टाकायचं, म्हणजे सरमिसळ नाही. वरची फळी चिकटवायच्या आधी ते घासून काढायचं. ते काम माझं.

या वाद्यासाठी वन्सं तीन वर्षं खपत होत्या, उरल्यासुरल्या लाकडातून. फळी नुसती दोरीनं बांधून त्यांनी तारा छेडल्या, तो आवाज ऐकला नि माझ्या अंगावर काटाच आला! त्या म्हणाल्या, "बाबा, याला माझं नाव द्या ना."

"चिंगी? अगं, लोक हसून हसून लोळतील!"

मामंजींनी वरच्या फळीवर सोनेरी रंगानं 'स्वरमोहिनी' काढलं. वन्संचा चेहरा एवढासा झाला.

फळी चिकटवायला मी बसले. चिकटवायचा सरस गरम, निवायच्या आत उरकायला हवं. ती घाई! फळी बसली, दाबून झाली, नि मग आठवलं, आतलं घासायचं राहिलं! तशीच उठून भुसा झाडायला लागले झालं.

पहिल्यांदा ते वाजवायला एक नावाजलेल्या वादक बाई आल्या. सभागृह खच्चून भरलेलं. सूर लावता लावता बाईंनी फळीवरच्या भोकातून आत डोकावलं, नि माइकवर म्हणाल्या, "आज तुम्हाला चिंगी ऐकवते!"

लोक हसले गं! आणि मग वाजायला लागलं, तसे सगळे पुढे सरकून ऐकायला लागले. टाळ्या तर थांबेचनात.

दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी! "चिंगी आहे का? आम्हाला चिंगी पाहिजे!" 'स्वरमोहिनी' कुणाच्या तोंडीच नाही.

मामंजींनी मला हाक मारली.

"सूनबाई, आतलं घासलं नाहीस?"

"सरस निवत होता, मामंजी."

माझ्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, नि वाद्य समोर ठेवून पॉलिशपेपर पुढे केला. "घे. आता वरचं घास."

मी हात पुढे करते तोच वन्संनी तो हिसकावला. "वहिनी, सर तिकडे! हे मीच घासणार!"