‘निराधार’ हा शब्द खोडा

अन्याय झाला तो पारनेर तालुक्यातल्या एका खडी फोडणाऱ्या बाईवर. कधी झाला तेही लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे अन्याय नेहमी ‘मागे कधीतरी’ होतात आणि मग त्या वेळी तिथे आपण होतो असं कोणालाच आठवत नाही. साल त्र्याहत्तर. धुळवडीनंतरचा तिसरा दिवस. दुपारची सुट्टी व्हायला अर्धा तास होता. दुष्काळी कामाच्या रस्त्याकडेला ती हातोडीने दगड फोडत होती. एक कपची उडाली आणि तिच्या उजव्या डोळ्यात गेली.

तिचं नाव देत नाही. एकदा ते कागदावर चढलं होतं, त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

मी तिथे होतो. बावीस वर्षांचा होतो, नगरच्या कॉलेजातून कसाबसा पदवीधर झालो होतो आणि आमच्या संघटनेने मला त्या कामावर पत्रकं वाटायला पाठवलं होतं. पत्रकं मीच लिहायचो. ‘शोषित’, ‘पददलित’ आणि ‘यांना जाब विचारा’ हे शब्द प्रत्येक पत्रकात असायचे. बायका मला ‘कागदवाले दादा’ म्हणायच्या. पत्रकं त्या आनंदाने घ्यायच्या. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी गुंडाळायला कागद जाड आणि चांगला होता, असं त्यांच्यातल्या एकीने मला सांगितलंही होतं. मी त्याचा अर्थ चळवळ घराघरांत पोचली असा घेतला.

कपची डोळ्यात गेल्यावर आधी घरचे उपाय झाले. शेजारी एक लेकुरवाळी बसली होती, तिने डोळ्यात दूध पिळलं. मग एका म्हातारीला बोलावलं. खळ्यावर कोणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की ही म्हातारी जिभेने काढायची. सगळ्या पंचक्रोशीत तिची जीभ नावाजलेली होती. तिने पापणी उलटी करून जीभ फिरवली, थुंकली, पुन्हा फिरवली आणि म्हणाली, “हे कुसळ न्हाई बाई. दगूड हाय. माझी जीभ बाजरीची हाय.” एवढं सरळ निदान पुढे दहा दिवसांत एकाही शिकलेल्या माणसाने केलं नाही. आपल्याला कशातलं कळत नाही, ते त्या म्हातारीने पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं.

खडी फोडणाऱ्यांसाठी चष्मे आले होते म्हणे. त्यातला एक मी पाहिला. कामावरचा कारकून फटफटीवरून येताना तो लावायचा. रस्त्यावर धूळ फार होती.

दुसऱ्या दिवशी तिचा डोळा सुजून लाल झाला आणि गळायला लागला. ती पदराने पुसत दगड फोडत होती, कारण हजेरी बुडाली तर कामावर खायला मिळणारी सुकडीही बुडायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, की आज बाजार आहे, शेळी विकते आणि नगरला खाजगी डॉक्टरकडे जाते. घरात एकच शेळी. त्या दुधावर तिची म्हातारी सासू होती. नवरा ऊसतोडीला बेलापूरच्या बाजूला गेलेला.

इथे मी आडवा आलो. मी तिला सांगितलं की शेळी विकायची नाही. सरकारी कामावर डोळ्याला इजा झाली आहे, उपचार हा तुमचा हक्क आहे, खर्च सरकारने करायचा. तेव्हा मला हे शंभर टक्के खरं वाटत होतं. आजही वाटतं. शेळी दाव्याला परत बांधली गेली आणि मी हक्क मिळवायला निघालो.

पहिल्यांदा ओव्हरशियरकडे. तो भला माणूस होता, त्याने चहा पाजला. म्हणाला, आमचं खातं रस्ते करतं, डोळे करत नाही. डोळा आरोग्याकडे येतो. मी म्हटलं, पण कपची तुमच्या दगडाची आहे. तो म्हणाला, दगड आमचा, पण उडाला तो तिच्या हातोडीने. या मुद्द्यावर आमचा अर्धा तास वाद झाला आणि माझी बाजू फार भक्कम होती.

मग तिला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर नसबंदीच्या शिबिराला गेले होते. कंपाउंडरने डोळा दुरूनच पाहिला, पिवळं मलम दिलं आणि नगरला न्या म्हणाला. दारात जीप उभी होती. मी म्हटलं, जीपने पाठवा. तो म्हणाला, जीप शिबिराची आहे. ऑपरेशनची केस असेल तर जाताना जीप, येताना जीप, वर बक्षीस. “मावशी ऑपरेशन करून घेणार असतील तर बघा,” असंही तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, मदत म्हणूनच. म्हणजे सरकारला बाईची काळजी होती. कमरेच्या वर मात्र ती दुसऱ्या खात्याकडे जात होती.

राहिला नगरचा धर्मादाय नेत्र-दवाखाना. तिथे मी आधी एकटाच एस.टी.ने जाऊन चौकशी करून आलो. त्यात चौथा दिवस गेला. खिडकीतल्या कारकुनाने छापील नियम दाखवला. मोफत उपचार फक्त निराधारांना, गावच्या तलाठ्याचा दाखला पाहिजे. मी म्हटलं, पेशंट आधी आणतो, दाखला मागाहून देतो. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. परत येताना एस.टी.तच मी अर्जाचा मसुदा लिहिला. ‘सदर बाई ही अत्यंत निराधार, असहाय व व्यवस्थेची बळी असून...’ असा तो सुरू होत होता. गाडीच्या धक्क्यांनी अक्षर बिघडलं होतं, पण भाषा मला फार आवडली.

पाचव्या दिवशी चावडीवर गेलो. तलाठी आढेवेढे न घेता दाखला द्यायला तयार झाला. ‘व्यवस्थेची बळी’ तेवढं काढा म्हणाला, ते मी तत्त्वाच्या विरुद्ध असूनही काढलं. तिचा अंगठा शाईच्या गादीवर टेकला. नियमाप्रमाणे तलाठ्याने कागद मोठ्याने वाचून दाखवला. अंगठा कागदापासून बोटभर अंतरावर थांबला.

“निराधार म्हंजी काय वो?”

“ज्याला कुणाचा आधार न्हाई असा माणूस,” तलाठी म्हणाला.

“मला हाय की. कारभारी हाय. कारखान्याला गेल्यात.”

“ते ठावं हाय आमाला. पर लिवायचं असंच असतंय.”

“जित्या माणसाला मेला म्हून अंगठा देऊ व्हय?”

तलाठी हसला. मी हसलो नाही, मी समजावायला बसलो. त्यात मी वाईटच. मी तिला सांगितलं की निराधार हा शासकीय शब्द आहे, त्याचा नवऱ्याशी संबंध नाही, समाजरचनेने तिला निराधार केलं आहे आणि हे ओळखणं ही लढ्याची पहिली पायरी आहे. ती एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. शेवटी म्हणाली, “दादा, नुसता कागदच हाय म्हनता, मग खरं लिवा की. खोटं कशापायी लिवता?”

मी आवाज चढवला. डोळा जाईल म्हणालो. ती म्हणाली, डोळा माझा आहे आणि कारभारीही माझाच आहे. अंगठा तिने पदराच्या आतल्या बाजूला पुसला. तो शाईचा डाग नंतर कधी निघाला नाही.

‘निराधार’ऐवजी ‘गरीब’ लिहायला तलाठी तयार होता. मीच नको म्हणालो. खिडकीतला माणूस तो शब्द चालवून घेणार नाही याची मला खात्री होती. नियम मी वाचून आलो होतो ना. सबंध तालुक्यात त्या कारकुनाचा नियम मनापासून पाळणारा एकटा मीच निघालो.

मग तिने स्वतःच वाट काढली. एस.टी.च्या कंडक्टरकडे निरोप दिला, त्याने तो श्रीरामपूरच्या गाडीवर दिला, आणि कुठल्याशा फडावर कोयता टाकून तिचा नवरा नवव्या दिवशी गावात आला. उंच, वाळलेला, कमी बोलणारा माणूस. चौथीपर्यंत शिकलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेळीचं ऐकल्यावर तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, “अंगठा दे. मी हाय ना हितं उभा.”

ती तरी लगेच तयार झाली नाही. तिने अट घातली. अंगठा चावडीवर देणार नाही, दवाखान्यातच देणार, आणि त्या वेळी कारभारी समोर दिसला पाहिजे. तलाठ्याने सही-शिक्का करून अंगठ्याची जागा कोरी ठेवली.

दहाव्या दिवशी आम्ही तिघं नगरला पोचलो. आता डोळ्यावर पांढरा पडदा आला होता आणि ठणक कानापर्यंत जात होती. खिडकीतल्या कारकुनाने दाखला वाचला, मान वर केली आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या पटकेवाल्याला विचारलं, “तुम्ही कोण?”

“मालक.”

“मालक आहे, मग निराधार कशी?”

आता बोला. पाच दिवस मी ज्या मुद्द्यावर तिच्याशी भांडत होतो, तोच मुद्दा तिच्या बाजूने तो कारकून मांडत होता. मला तत्काळ एक जळजळीत भाषण सुचलं आणि मी सुरुवातही केली. तिच्या नवऱ्याने माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. म्हणाला, “तुमी गप ऱ्हावा. मी जातो भाईर.”

तो फाटकाबाहेर गेला. रस्त्यापलीकडे एक लिंब होता, त्याच्या बुडाशी जाऊन बसला. पटका काढून गुडघ्यावर ठेवला. खिडकीतून कारकुनाला तो दिसत नव्हता. मात्र ती जिथे उभी होती तिथून, दाराच्या फटीतून, डाव्या डोळ्याने तिला तो बरोबर दिसत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि न बघताच कागदावर अंगठा उठवला. कारकुनाने तो शब्दाच्या खाली आहे की नाही ते पाहिलं. नियमाप्रमाणे ती त्या क्षणापासून निराधार झाली. लिंबाखालचा माणूस बिडी पेटवत होता.

आतला डॉक्टर तरुण होता. त्याने फार हळुवार हाताने डोळा तपासला. मग मला बाहेर बोलावून विचारलं, पहिल्या दोन-तीन दिवसांत का नाही आणलं? तेव्हा वाचण्यासारखा होता. आता डोळा काढावा लागेल, नाहीतर दुसऱ्यालाही धोका आहे. “इतके दिवस करत काय होतात?”

आम्ही खर्च कोणी करायचा ते ठरवत होतो. हे मी त्याला म्हणालो नाही. दाखला मिळाला नव्हता, एवढंच म्हणालो. तो म्हणाला, दाखला मी मागितला होता का? त्यालाही उत्तर द्यायला हवं होतं, की तुम्ही नाही, पण तुमच्या खिडकीने मागितला. मी गप्प राहिलो. दहा दिवसांत पहिल्यांदाच.

पुढे महिन्याभराने आमच्या संघटनेने नगरला एका सभागृहात परिसंवाद ठेवला. विषय हाच, गरिबांच्या औषधपाण्याचा भार कोणी उचलावा. एक वक्ते म्हणाले सरकारने, एक म्हणाले दानशूरांनी, एका डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की फुकट मिळालेल्या औषधाची किंमत माणसाला राहत नाही. अध्यक्षांना दोन्ही बाजूंत तथ्य आढळलं. मी त्या बाईची हकिकत सांगितली आणि टाळ्या घेतल्या. शेळीचा भाग सांगितला नाही. सभागृहाच्या दारात माझं नवं पत्रक वाटलं जात होतं. मथळा होता, ‘एका निराधार भगिनीचा डोळा!’ या खेपेला तिचं नाव-गावही आत दिलं होतं.

ते पत्रक फिरत फिरत कामावर पोचलं. दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तिचा नवरा रस्त्याच्या तोंडाशी उभा होता. कारखान्याचा हंगाम संपला होता, तोही आता खडी फोडत होता. बंडीच्या खिशातून त्याने चार घड्या घातलेला कागद काढला. शिवी देईल असं वाटलं. त्याने फक्त पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्यो शबूद तेवढा खोडा दादा. दवाखान्यात लिवला, तितं इलाज नव्हता. तुमच्या कागदात कशाला?”

मी खिशातला पेन काढला आणि त्याच्या पत्रकावरचा शब्द खोडला. त्याने बघून घेतलं, कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला. ती पलीकडे बसून दगड फोडत होती. डोळ्यावर फडकं बांधलेलं. मला म्हणाली, “चा घेता का कागदवाले दादा? शेळीचं दूध हाय.”

माझ्याकडे उरलेले दीडेकशे कागद मी त्या रात्री खोलीवर खोडत बसलो. वाटले गेलेले माझ्या हातात नाहीत. ते तुमच्याकडे असतील. तेव्हा आता तुम्हाला सांगतो, आणि ही विनंती नाही. ते पत्रक तुमच्या घरी, डब्याखाली, वहीत, कुठे असेल तर काढा आणि मथळ्यातला तो शब्द खोडा. तिचं नावही खोडा. मग उठा आणि तुमच्या गावच्या दवाखान्याच्या खिडकीशी जाऊन विचारा, इथे आधी दाखला बघतात की आधी माणूस. दाखला म्हणाले तर तिथून हलू नका. खर्च सरकार करील, दाते करतील की आणखी कोणी, हा वाद मी कोणाशीही, कितीही दिवस घालायला तयार आहे. पण तो डोळा तपासून झाल्यावर. तोवर खिडकी धरून उभे राहा आणि एवढंच म्हणत राहा, आधी डोळा बघा.