कापड वाळेपर्यंत

म्हैसूर हे शहराचं नाव होतं आणि राज्याचंही, त्या काळातली ही गोष्ट. मी पी.यू.सी., म्हणजे पदवीच्या आधीची परीक्षा, पास झाले होते, आणि मी बी.एस्सी.ला जाणार की बोहल्यावर चढणार हे एका रेव्हेन्यू इन्स्पेक्टरच्या हातात होतं. माझे मार्क धड चांगले नव्हते, धड वाईटही नव्हते. नुसत्या मार्कांवर प्रवेश मिळण्यासारखे तर नव्हतेच. पण विद्यापीठाच्या कॉलेजात कारागिरांच्या मुलांसाठी थोड्या जागा राखून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक मिळवायची तर घरात खरोखर कारागिरी चालते असा दाखला अर्जाला जोडायचा, आणि अर्ज शनिवारपर्यंत पोचवायचा. नाहीतर दावणगेरेचं स्थळ तयारच होतं. तो मुलगा मी पाहिला नव्हता, पण त्याच्या दुकानाची लांबीरुंदी मला पाठ झाली होती.

आमचं घर रंगाऱ्यांचं. घरात तिघंच माणसं: मी, आई आणि दोड्डप्पा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बोलायचो मराठी, पण कितीतरी पिढ्या म्हैसुरात काढल्यावर नात्यांची नावं कानडी झाली होती. वडील मी लहान असतानाच वारले. दोड्डप्पांनी आम्हा दोघींना सांभाळलं. मंडी मोहल्ल्यातले दुकानदार त्यांच्याकडे विटलेल्या साड्या पाठवायचे आणि दोड्डप्पा पाकिटातला रंग उकळून त्या परत रंगवून द्यायचे. खऱ्या निळीचा रांजण परसात होता, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला. पण तो बऱ्याच वर्षांपूर्वी बंद पडला होता. त्याच्या तोंडावर एक फरशी टाकलेली होती आणि आई त्या फरशीवर कपडे आपटायची.

इन्स्पेक्टर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. माणूस सरळ होता, म्हणजे अडचणीचाच. ते म्हणाले, "पाकीट उकळून दाखवणारे मी खूप पाहिले. तुम्ही रंगारी म्हणवता ना? मग निळीचा रांजण दाखवा. शुक्रवारी सकाळी येतो."

दोड्डप्पांना हे ऐकून राग यायला हवा होता. उलट म्हातारा खुलला. त्यांनी कुठूनतरी निळीच्या वड्या पैदा केल्या. रांजण आंबवायला टाकळ्याचं बी लागतं, ते आणायला ते बसने एच. डी. कोटे तालुक्यात जाऊन आले. बी शिजवलं, चुना घातला, फरशी हलवली आणि सगळं त्या काळ्या तोंडात ओतलं. मी वाकून पाहिलं तर आत तळ दिसेना. नुसता गारवा वर आला, आणि जुन्या ओल्या कापडाचा वास. इतकी वर्षं मी त्याच फरशीवर उड्या मारत होते.

रांजण लागायला, म्हणजे रंग धरायला, दिवस जातात. तो आतून आंबतो, गरम होतो, श्वास घेतो. हे मी उगाच म्हणत नाही. फरशीला कान लावला की आत बुडबुडा फुटल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. कुणीतरी झोपलं आहे आणि जागं व्हायचं की नाही ते ठरवतं आहे, असं मला वाटायचं. पण गुरुवार उजाडला तरी रंग येईना. दोड्डप्पा मांजरपाटाचा तुकडा बुडवून काढायचे, तो मळकट बाहेर यायचा आणि मळकटच राहायचा.

"रुसलाय," दोड्डप्पा म्हणाले. "याला एक खोटं पाहिजे."

मला वाटलं, उन्हानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण आमच्या लोकांत ही समजूत फार जुनी होती. रांजण बिघडला की गावात एक अफवा सोडायची. लोकांना ती जितकी खरी वाटेल तितका रंग चढतो. त्यात नियम एकच: जो खोटं बोलला त्याने पहिलं कापड वाळेपर्यंत शब्द मागे घ्यायचा नाही. मागे घेतला तर रांजण मरतो.

"आणि खोट्याचं काय होतं?" मी विचारलं.

"ते वाळल्यावर फिटतं."

"आणि ओलं असतानाच मोडलं तर?"

"तसं कोणी करत नाही, पुट्टी," दोड्डप्पा म्हणाले आणि काठीने रांजण ढवळत राहिले.

आई चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिने नाक मुरडलं. "भावजी, सरकारी माणूस येणार उद्या, आणि तुमचं हे काय हुच्चपण!" हुच्चपण म्हणजे वेडेपणा. दोड्डप्पांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. न्हाव्याच्या दुकानात जाऊन ते सांगून आले की जवळच्या वरुणा गावात एका उसाला कणीस आलंय. दुकानातली माणसं पोट धरून हसली. एकाने विचारलं, त्या कणसातून काय निघालं, साखर का? संध्याकाळी कापड पुन्हा मळकटच निघालं.

त्या संध्याकाळी दोड्डप्पा जेवले नाहीत. आईने मात्र माझा अर्ज कपाटातून काढून पाहिला. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, तीही कानडीत, आणि अर्ज होता इंग्रजीत. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी तिने तो वरून खालपर्यंत पाहिला, हात पदराला पुसून परत ठेवला, आणि मला म्हणाली, "दावणगेरेला नाही जायचं तुला." एवढंच. चौथीनंतर तिला शाळेतून काढलं तेव्हा ती दिवसभर माडीवर लपून बसली होती, हे तिने मला एकदा सांगितलं होतं.

सकाळी मला जाग आली ती दोड्डप्पांच्या ओरडण्याने. "बंतु! बंतु! आला गं!" मी परसात धावले. फरशी बाजूला केली होती. रांजणात वर तांब्यासारखी साय चकाकत होती, मधोमध निळा फेस फुलासारखा वर आलेला, आणि काठी घातली की खालून हिरवं पाणी उसळत होतं. काल संध्याकाळी मेल्यासारखा पडलेला रांजण. दोड्डप्पांनी मांजरपाट बुडवला, दमानं वर काढला. कापड बाहेर आलं ते हिरवंगार. आणि मग आमच्या डोळ्यांसमोर, वारा लागेल तसतसं, काठाकडून निळं होत गेलं. त्याला कोणी हात लावलेला नव्हता. मी मागे सरले.

दोड्डप्पांनी कापड दोरीवर टाकलं. आई दारात उभी होती. तिने रांजणाकडे पाहिलं नाही. ती कापडाकडे पाहत होती, आणि तिचे डोळे सुजलेले होते.

"कॉफी देतेस?" मी विचारलं.

"दूध कमी आहे आज," ती म्हणाली. वरुण्याहून पहिल्या बसने येणारी दूधवाली रोज आम्हाला दोन मापं घालायची. भांड्यात एकच माप होतं.

मी तोंड धुवायला पुढच्या बाजूला आले आणि खिडकीतून गल्लीत पाहिलं. लोक जमले होते. पुरुष हात मागे बांधून, बायका तोंडाला पदर लावून. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कुणाच्या तरी घरी मयत झालेलं दिसत होतं. मी मनात गल्लीतले म्हातारे मोजायला लागले: कोपऱ्यावरचे शिंपी, त्यांची सासू, समोरचे दम्याचे आजोबा. पण आजोबा तर समोरच्या कट्ट्यावर बसून टिपं गाळत होते. एक बाई दुसरीला म्हणाली, "अय्यो पापा, निन्ने नोडिद्दे." अरेरे, कालच तर पाहिलं होतं. मग मला दिसलं की आमच्या भिंतीला दोन हिरवे बांबू टेकून ठेवलेले आहेत, नुकते तोडलेले, आणि त्यांच्याखाली सुतळीचा गुंडा.

माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की दोड्डप्पा. पण दोड्डप्पा परसात गुणगुणत होते. मग आई. पण आई आत होती. आमच्या घरात माणसं तिघंच. हा हिशेब मला कळला तेव्हा मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते, आणि माझा हात खरंच तिथं आहे ना, ते मी निरखून पाहिलं. हसू नका. तुम्हीही पाहिलं असतं.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली आणि इन्स्पेक्टर आले. मी खिडकीखाली बसले. त्यांनी चप्पल बाहेर काढली, आमच्याकडे येताना एरवी ते ती काढत नसत. आतून दोड्डप्पा लगबगीने आले, निळ्या हातांनी नमस्कार करत, "या, या, बघा रांजण!" म्हणत. इन्स्पेक्टर त्यांच्याकडे असं पाहायला लागले, जणू दु:खानं माणूस खुळा झालाय. तरीही भले गृहस्थ परसात गेले. मी परसाच्या दाराच्या आड गेले. त्यांनी रांजणात पाहिलं, दोरीवरच्या कापडाकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"रांजण खरा आहे," ते कानडीत म्हणाले. "मी काल आलो असतो तर बरं झालं असतं. दूधवालीनं सांगितलं सगळं. एका रात्रीच्या तापानं... " ते थांबले. मग हळूच, चोरट्यासारखं म्हणाले, "इन्नु सर्टिफिकेट यारिगे?"

आता दाखला कुणासाठी?

दोड्डप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, त्याला मागे घ्यायला कोणी नव्हतं. त्यांनी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता आई बोलेल. आता म्हणेल, नाही हो साहेब, चूक झाली. पण आईची नजर दोरीवर होती. कापडाचा खालचा काठ अजून ओला होता, त्यातून थेंब गळत होता. जिने आदल्या दिवशी वेडेपणा म्हणून नाक मुरडलं होतं, ती माझी आई त्या थेंबाकडे पाहत उभी होती आणि तिचे दात ओठांत रुतले होते. इन्स्पेक्टरांनी पिशवीचं बक्कल लावलं. ते वळले. ते गेले असते तर दाखला गेला असता, अर्ज गेला असता, आणि मला दावणगेरेचं दुकान मोजत बसावं लागलं असतं. मला संताप आला. भीती नंतर आली, आधी संतापच.

मी दाराबाहेर पाऊल टाकलं आणि म्हणाले, "ननगे, सार." मला. माझ्यासाठी.

"नको!" आई ओरडली. "अजून ओलं आहे!"

इन्स्पेक्टर दोन पावलं मागे गेले, त्यांची पाठ भिंतीला लागली. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, ते जमिनीला टेकलेत का म्हणून. मग काही न विचारता, भिंतीला कागद लावून, त्यांनी दाखला लिहिला. लिहिताना त्यांची नजर कागदावर कमी आणि माझ्यावर जास्त होती. सही वेडीवाकडी झाली. आई धावत जाऊन दोरीवरचं कापड दोन्ही मुठींत घट्ट पिळत होती, त्यातलं सगळं पाणी एकदम काढायला हवं असल्यासारखं.

मी पुढच्या दारात गेले, तेव्हा बाहेरचे लोक मला पाहून पांगले. कोणी चिडलं नाही, कोणी हसलं नाही, हेच मला खटकलं. बांबू ज्यांनी आणले होते त्यांनी ते परत नेले नाहीत. ते बरेच दिवस भिंतीला होते. दुसऱ्या सकाळी रांजणातला फेस बसला होता आणि घरभर दुर्गंध सुटला होता. दोड्डप्पांनी त्यात माती भरली आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. ते कापड वाळलं, पण आईच्या मुठींच्या जागी फिकटच राहिलं.

मी आईला एकदाच विचारलं, दूधवालीला हेच खोटं का सांगितलंस? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दुसरं कुठलं लोकांना खरं वाटलं असतं? आणि मला रडता आलं पाहिजे ना." मग सूप बाजूला ठेवून तिने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

अर्ज वेळेत गेला. पण निवड झालेल्यांत माझं नाव उशिरा लागलं, वर्ग सुरू झाल्यावर. तोपर्यंत घरात एकच माप दूध येत राहिलं. दूधवाली पहाटे यायची, माझ्याकडे न पाहता एक माप घालायची, निघून जायची. पातळ कॉफी पिऊन मी वैतागले. "तिला सांग ना दोन घालायला," मी म्हटलं की आई दुसऱ्या खोलीत निघून जायची. तिला वाटत होतं की ते खोटं फिटलेलं नाही. ओलं असतानाच मोडलं, म्हणून अर्धं कुठेतरी लोंबकळत राहिलंय. आपण माप वाढवायला सांगायचं आणि त्या खोट्याला आपली आठवण करून द्यायची, हे तिला नको होतं.

कॉलेजला निघाले त्या पहिल्या सकाळी तिने गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन सांगितलं, "हजेरी घेतील. तुझं नाव घेतलं की मोठ्यानं ओ दे. सगळ्यांना ऐकू जाईल असं." मला कळलं तिला काय हवं होतं. इतक्या माणसांसमोर, सरकारी जागेत, मी आहे असं कोणीतरी पुकारायला हवं होतं.

प्राध्यापक हजेरी घ्यायला लागले. माझ्या आधीच्या मुलीचं नाव आलं, तिने उत्तर दिलं, आणि मग माझ्या नंतरच्या मुलाचं. मी उशिरा आलेली, माझं नाव हजेरीपुस्तकात अजून चढलं नव्हतं, बाकी काही नाही. मी उठून तसं सांगायला हवं होतं. पण बाकावर माझे दोन्ही हात ठेवून मी त्या हातांकडे पाहत बसले.

संध्याकाळी आई उंबऱ्यातच उभी होती.

"घेतलं नाव?"

"घेतलं."

"ओ दिलीस?"

"दिली. इतक्या मोठ्यानं की सगळे वळून पाहायला लागले."

मी सरळ तिच्या डोळ्यांत पाहून बोलले. तिला ते खरं वाटलं. तिने दाराची चौकट सोडली आणि आत जाऊन चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंथरुणातूनच ऐकलं, ती दूधवालीला सांगत होती, "आजपासून दोन घाल."