पिवळा ठिपका

आमच्या मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कुणावर म्हणून विश्वास नाही. गॅरेजमधला चहासुद्धा ते दुसऱ्याने घोट घेतल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. स्वतः आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका देतात, म्हणजे मागाहून कुणी हात लावला तर लगेच कळतं. गाड्या रंगवते मी, पण तो पिवळा डबा त्यांच्या कपाटात, कुलपात. जसं काही मी तो पळवणारच आहे!

परवा एकाने जुनी विकत घेतलेली स्पोर्ट्स कार आणली. पुढच्या बंपरखाली नवा स्पॉयलर, म्हणजे हवा कापणारी पट्टी, बसवायचा होता. मामंजी गाडीखाली सरपटले आणि तिथूनच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"आधीचा स्पॉयलर कुठल्या गाढवाने बसवला होता? भोकं बघ, एक इकडे, एक तिकडे! असल्यांच्या हातात पाना देऊच नये. एक स्क्रू तर तसाच सोडलाय. सूनबाई, टॉर्च धर."

मी वाकून टॉर्च धरला. गंजलेल्या त्या स्क्रूवर पिवळा ठिपका होता.

मामंजींनी फडक्याने ठिपका घासून पाहिला, तो काही निघेना. मग बाहेर येऊन त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"माझ्या कपाटाची किल्ली तुला कुणी दिली?"

मला या घरात येऊन जेमतेम सहा महिने झालेत. त्या स्क्रूवरचा गंजच चार वर्षांचा होता.